डोमेन घेतलं म्हणजे नाव आपलं झालं? या चुका टाळा

"डॉट कॉम माझ्याकडे आहे, मग ट्रेडमार्क कशाला?" छोट्या व्यावसायिकांचा हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. डोमेन म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घेतलेला पत्ता. नावावरचा हक्क येतो तो ट्रेडमार्क नोंदणीतून किंवा त्या नावाने केलेल्या धंद्यातून. व्यक्ती आणि छोट्या उद्योगांना ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाची (म्हणजे माल किंवा सेवेच्या एका प्रकाराची) सरकारी फी ४,५०० रुपये आहे. पाट्या रंगवण्याआधी अर्ज करा.

एखादं अक्षर बदलून दुसऱ्याचं नाव घेणंही अंगाशी येतं. 'रेडिफ' ही वेबसाइट असताना कुणी 'रॅडिफ' हे डोमेन घेतलं, नाव कसं सुचलं याचा खुलासाही केला. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तो मानला नाही. पुढे २००४ मध्ये 'सिफी' या इंटरनेट कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डोमेनलाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं.

सगळ्यात महागात पडते ती चूक घरातलीच असते. एका मसालेवाल्या ताईंची साइट अचानक बंद पडली. गोदामात पत्ता छापलेली पाकिटं थप्पीने पडलेली. डोमेन निघालं साइट बनवणाऱ्या मुलाच्या नावावर, रिन्यूअलचे मेलही त्यालाच जात होते, आणि तो फोन उचलेना. "पैसे तर मीच भरले होते हो," ताई म्हणत राहिल्या. आजच खात्यात लॉगिन करून बघा: मालक म्हणून नाव कुणाचं? ईमेल कुणाचा?

दुसऱ्याने तुमचं नाव बळकावलं असेल, तर "किती घेणार?" असा फोन आधी करू नका. पहिल्यांदा त्या पानांचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. डॉट इनची तक्रार निक्सीकडे, म्हणजे डॉट इन डोमेन सांभाळणाऱ्या भारतीय संस्थेकडे जाते, डॉट कॉमची आयकॅन या जगभरच्या डोमेन व्यवस्थेवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या धोरणाखाली. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव तुमच्या ट्रेडमार्कशी फसवं साम्य असलेलं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि हेतू वाईट आहे. डॉट कॉमला नोंदणी आणि वापर दोन्ही वाईट हेतूने झालेले दाखवावे लागतात, डॉट इनला त्यातलं एक पुरतं. आयकॅनच्या वाटेने डोमेन परत मिळतं किंवा रद्द होतं, भरपाई नाही. ती हवी तर कोर्ट.

आणि नाव आधीपासून तुमचंच, याचा पुरावा? ताईंच्या बाबतीत तो माळ्यावर सापडला: पहिल्या वर्षीचं बिलबुक, पानापानावर ब्रँडचं नाव आणि तारीख. तुमचं रद्दीत घालू नका.