बादलीचा घरगुती आइसबॉक्स: या चुका टाळा

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यावर सकाळी घेतलेली सुरमई रात्री पुण्यातील घरी पोहोचेपर्यंत ताजी राहावी, एवढ्याच गरजेपोटी मी प्लास्टिकच्या दोन बादल्या आणि टीव्हीच्या खोक्यातील थर्माकोल वापरून पहिला आइसबॉक्स तयार केला. तो दिसायला अगदी नेटका होता. परंतु आंबा घाट चढून कऱ्हाडला चहासाठी थांबलो तेव्हा आत बर्फाचा एक खडाही उरला नव्हता आणि कोमट पाण्यात मासे तरंगत होते. अशा एकूण तीन बादल्या बिघडवून चौथी जमली. बिघडलेल्या तिन्ही बादल्यांचे दोष जवळजवळ सगळ्यांच्या हातून होणारे असल्यामुळे ते येथे कारणांसह मांडत आहे. (नागपूरकर ज्याला कूलर म्हणतात तो हा नव्हे. त्याला पाणी लागते, आणि याच्या भिंतीत पाणी शिरले की याचे काम संपते.)

बादल्या निवडताना

पहिली चूक दुकानातच होते. एकाच मापाच्या दोन बादल्या एकात एक घातल्या की त्या घट्ट बसतात आणि मध्ये जेमतेम काही मिलिमीटर जागा उरते. एवढ्या जागेत उष्णता अडवणारे काहीच मावत नाही. आतली बादली सर्व बाजूंनी किमान ३ सेंटिमीटर सुटी राहिली पाहिजे, म्हणजे बाहेरच्या बादलीचा आतला व्यास आतल्या बादलीच्या बाहेरच्या व्यासापेक्षा निदान ६ सेंटिमीटरने मोठा हवा. हे माप तोंडाशी घेऊन भागत नाही, कारण बादली खाली निमुळती होत जाते आणि प्रत्येक कंपनीचा उतार वेगळा असतो. तोंडाशी ४ सेंटिमीटर दिसणारी फट तळाशी दीडच भरू शकते. त्यामुळे मोजपट्टी घेऊन तळही मोजावा, आणि आतल्या बादलीखाली ५ सेंटिमीटर जाडीचा थर बसेल एवढी बाहेरची बादली उंच आहे ना, हे पाहावे.

डिस्टेंपरच्या रिकाम्या बादल्या स्वस्त आणि मजबूत असतात व त्यांचे झाकणही घट्ट बसते, म्हणून बाहेरच्या कवचासाठी त्या उत्तम. आतल्या भांड्यासाठी मात्र त्या वापरू नयेत, कितीही घासल्या तरी. कीटकनाशक किंवा रसायनाचे डबे तर बाहेरच्या कवचासाठीही नकोत.

झाकणाचा हिशेब

माझ्या पहिल्या बादलीला बाजूंनी छान थर्माकोल होता, झाकण मात्र नुसत्या प्लास्टिकचे होते. याने किती फरक पडतो, हे साध्या गणिताने कळते. आतली बादली २४ सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच, म्हणजे सुमारे ११ लिटरची धरू. बाहेर ३५ अंश तापमान असताना नुसत्या बादलीत बर्फ ठेवला, तर तासाला अंदाजे अर्धा किलो वितळतो. तळ, बाजू आणि झाकण या सगळ्यांना ३ सेंटिमीटर थर्माकोल लावला की आत शिरणारी उष्णता सुमारे १२ वॅटवर येते. १ किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागत असल्याने तासाला साधारण १३० ग्रॅम बर्फ जातो, १२ तासांत दीड किलोच्या आसपास. आता फक्त झाकण थर्माकोलशिवाय सोडा. झाकणाचे क्षेत्रफळ एकूण पृष्ठभागाच्या जेमतेम एक षष्ठांश असते, तरीही आत येणारी उष्णता सुमारे निम्म्याने वाढते. बाजूंच्या थर्माकोलवर केलेली बरीचशी मेहनत अशी त्या एका चकतीने वाया जाते.

झाकणाला आतून ४ ते ५ सेंटिमीटर जाडीची थर्माकोलची चकती बसवावी आणि ती आतल्या बादलीच्या तोंडात बुचासारखी थोडी उतरेल अशा मापाने कापावी. कडेला दाराच्या फटींना लावतात ती स्पंजाची चिकटपट्टी लावली की झाकण नीट दबून बसते. दुधाच्या किंवा बिस्किटांच्या जाड पिशवीचे आवरण चकतीवर चढवून टेपने बंद केले, तर थर्माकोलचे कण अन्नात पडत नाहीत.

भरावाच्या चुका

थर्माकोल चिकटवण्यासाठी मी चपलांच्या दुकानात मिळणारे पिवळट रबरी सोल्यूशन वापरले आणि समोर जे घडले ते विसरता येणार नाही: ब्रश फिरला तिथे थर्माकोल चुरचुर आवाज करत आत बसू लागला आणि दोन मिनिटांत त्याला अनारशासारखी जाळी पडली. या सोल्यूशनमधील द्रावक पॉलिस्टायरीन, म्हणजे थर्माकोल ज्या प्लास्टिकचा बनतो ते, विरघळवतो. पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश काढायचे द्रव यांचाही परिणाम तसाच. लाकडासाठीचा पांढरा, पाण्यात मिसळणारा गोंद चालतो, परंतु प्लास्टिक आणि थर्माकोल या दोन्हींतून ओल बाहेर जात नसल्यामुळे तो वाळायला दिवसच्या दिवस लागतात. खरे तर बाजूंना गोंदाची गरजच नाही. थर्माकोलच्या उभ्या पट्ट्या कापून फटीत घट्ट सारल्या आणि उरलेल्या भेगा बीनबॅगमध्ये भरतात त्या थर्माकोलच्या दाण्यांनी बुजवल्या की काम होते. तळाला मात्र दाणे घालू नयेत, कारण बर्फाच्या वजनाने ते दबतात व सरकतात, आतली बादली कलते आणि एका बाजूची फट नाहीशी होते; तिथे पत्र्यासारखा सपाट, कडक थर्माकोलच हवा.

फवारणीच्या डब्यातला पॉलियुरेथेन फोम थर्माकोलपेक्षा सरस उष्णतारोधक आहे, यात वाद नाही. पण तो हवेतील ओलाव्यावर घट्ट होतो, आणि दोन बादल्यांमधील बंद फटीत हवाच पोहोचत नाही. माझ्या दुसऱ्या बादलीत वरचा थर कडक झाला, आतला आठवडाभर चिकट राहिला, आणि तोही इतका फुगला की रात्री आंबवायला ठेवलेल्या इडलीच्या पिठासारखी आतली बादली सकाळी वर उचलली गेली होती आणि तिच्या बाजूला आत पोक आले होते. हा फोम वापरायचाच असेल तर आतली बादली पाण्याने भरून ठेवावी, फट एकदम न भरता दोन-तीन बोटे जाडीचे थर द्यावेत, प्रत्येक थरावर पाण्याचा हलका फवारा मारावा आणि तो कडक झाल्याशिवाय पुढचा देऊ नये. हातमोजे घालावेत, काम उघड्यावर करावे आणि जवळपास ज्योत नसावी.

स्वस्तात काम भागवायचे तर भाताचे तूस, लाकडाचा भुसा, अगदी जुनी गोधडीसुद्धा चालते, आणि याला हसण्याचे कारण नाही. १८३३ साली बोस्टनहून निघालेले 'टस्कनी' जहाज सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन चार महिन्यांच्या प्रवासानंतर कोलकात्याला पोहोचले, तेव्हा त्यातील सुमारे १०० टन शिल्लक होता. त्या व्यापारात बर्फ राखला जात होता तो लाकडाच्या भुशाने. मात्र भुसा थर्माकोलच्या साधारण दुप्पट उष्णता जाऊ देतो, म्हणून थरही दुप्पट जाड हवा, आणि तो कोरडा हवा. रोधक म्हणून काम करते ती त्या पदार्थात अडकलेली स्थिर हवा. पाणी या हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेते, त्यामुळे भुसा किंवा गोधडी भिजली की तिचा रोधकपणा गेलाच, वर चार दिवसांत कुबट वास सुरू होतो. भराव आधी कडक उन्हात वाळवावा, प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद करून मगच फटीत ठेवावा आणि दोन बादल्यांच्या काठांमधील जागा सिलिकॉन सीलंटने किंवा निदान रुंद टेपने पूर्ण बंद करावी. आतल्या बादलीला छिद्र पाडून तोटी बसवण्याचा मोह अनेकांना होतो. माझा सल्ला असा, की बसवू नये. ती पाझरते, आणि पाझरलेले पाणी नेमके भरावात जाते. मगाने पाणी काढणे सोपे.

बाहेरून ओले गोणपाट गुंडाळण्याचा प्रश्न वेगळा आहे. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्याच्या कोरड्या हवेत त्याचे पाणी झपाट्याने उडते आणि माठाप्रमाणे बादलीचा पृष्ठभाग थंड राहतो, तेव्हा ते जरूर करावे. कोकणात आणि गोव्यात हवा आधीच दमट असते. तिथे ते गोणपाट दिवसभर ओलेच राहते आणि गाडीची डिकी तेवढी भिजते.

चकचकीत अ‍ॅल्युमिनियम फॉइल ही आणखी एक समजूत. फॉइल उष्णतेचे किरण परतवते, पण त्यासाठी तिच्यासमोर मोकळी हवा हवी. थर्माकोल आणि प्लास्टिक यांच्यामध्ये चेपून बसवलेली फॉइल धातूच्या पातळ पत्र्यापलीकडे काही नसते. उन्हात ठेवायच्या बादलीला बाहेरून लावली तर उपयोग होतो. त्याहून सोपे म्हणजे बादली सावलीत ठेवणे.

बर्फ आणि सामान भरताना

बादली चांगली जमली तरी निम्मे काम भरण्यात असते. झाकण वारंवार उघडू नका, असे प्रत्येक जण बजावतो. प्रत्यक्षात ११ लिटर गार हवा गेली आणि तिच्या जागी दमट, गरम हवा आली, तर तिला थंड करण्यात जेमतेम ३ ग्रॅम बर्फ वितळतो, शिवाय बादलीचे तोंड वर असल्याने जड, गार हवा सगळी बाहेर सांडतही नाही. झाकण उघडे राहणे वाईट, उघडणे नव्हे. खरे नुकसान कशाने होते? ३२ अंशांच्या पाण्याची १ लिटरची बाटली आत ठेवली की ती ४ अंशांवर आणायला सुमारे ३५० ग्रॅम बर्फ खर्च होतो. अशा चार बाटल्या म्हणजे जवळपास दीड किलो, म्हणजेच वरच्या बादलीचा १२ तासांचा सगळा शिधा. म्हणून आत जाणारी प्रत्येक वस्तू आदल्या रात्री फ्रिजमध्ये गार करावी, आणि रिकाम्या बादलीतही भरण्यापूर्वी तासभर थोडा बर्फ किंवा गोठवलेली बाटली ठेवावी.

मासळीचा हिशेबही असाच होतो. २८ अंशांची १ किलो मासळी शून्यावर आणायला सुमारे ३०० ग्रॅम बर्फ लागतो. ३ किलो मासळी आणि ८ तासांचा प्रवास धरला तर मासळीसाठी ९०० ग्रॅम आणि भिंतींतून येणाऱ्या उष्णतेसाठी १ किलोहून थोडा अधिक, असा २ किलो बर्फ हिशेबाने पुरतो. तरी ३ किलो न्यावा, कारण गाडीच्या बंद डिकीत तापमान ३५ अंशांच्या बरेच वर जाऊ शकते. मासळीइतकाच बर्फ, हा बाजारातला ढोबळ नियम त्यामुळे योग्यच आहे. बर्फाचा चुरा असावा, तो मासळीच्या खाली, मध्ये आणि सर्वांत वर घालावा. तळाशी स्टीलची जाळी ठेवावी म्हणजे मासे वितळलेल्या पाण्यात भिजत राहत नाहीत. ताकाच्या किंवा सरबताच्या बाटल्या असतील तर उलट ते गार पाणी काढू नये. ते बाटलीला सर्व बाजूंनी भिडते आणि खड्यांपेक्षा लवकर गारवा देते.

बर्फ टिकावा म्हणून त्यावर मीठ टाकणारेही मी पाहिले आहेत. मिठाने तापमान शून्याखाली जाते खरे, पण बर्फ अधिक वेगाने वितळूनच ते जाते. कुल्फीच्या साच्यांभोवती मीठ हवे, प्रवासाच्या बादलीत नको. घरी प्लास्टिकच्या बाटल्यांत पाणी गोठवून नेणे सर्वांत सोयीचे. मात्र गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, त्यामुळे बाटली काठोकाठ भरू नये. बाजारातील लादीचा बर्फ घेताना त्याचा रंग पाहावा: महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळसर रंग घालणे बंधनकारक आहे, आणि असा बर्फ सरबतात तर नकोच, उघड्या अन्नालाही लागू देऊ नये. इन्शुलिन या बादलीत बर्फाला टेकवून ठेवू नये. ते गोठले की निकामी होते.

दोष कुठे आहे, हे शोधताना

बर्फ लवकर वितळत असेल तर अंदाजाने थर वाढवत बसू नये. रात्री खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवावा आणि झाकण बसवावे. कडेने जिथे प्रकाशाची रेघ दिसेल तिथे स्पंजाची पट्टी कमी पडते आहे. पारदर्शक किंवा पांढऱ्या बादलीतून सगळीकडूनच उजेड झिरपतो, म्हणून ती बाहेरून जाड कापडाने झाकावी आणि फक्त काठ उघडा ठेवावा. दुसरी खूण घामाची. दमट हवेत भरलेली बादली तासभर ठेवली आणि बाहेर एखाद्या पट्ट्यावर थेंब जमले, तर तिथे भराव पातळ आहे किंवा भिजला आहे. तळाच्या कडेला गोल ओली रेघ उमटली तर बहुधा आतली बादली खाली टेकली आहे. कोरड्या हवेत मात्र घाम येतच नाही, त्यामुळे नागपुरात मे महिन्यात बादली कोरडी दिसली म्हणून ती निर्दोष समजू नये; तिथे हाताचा तळवा फिरवून गार डाग शोधावा.

शेवटी वजनकाटा. २ किलो बर्फ मोजून रिकाम्या, आधी गार केलेल्या बादलीत ठेवावा, सहा तासांनी पाणी ओतून टाकून उरलेला बर्फ पुन्हा तोलावा. घरातली हवा ३० अंशांच्या आसपास असताना माझ्या चौथ्या बादलीत १ किलो २०० ग्रॅम उरला. गणिताप्रमाणे आणखी दीडशे ग्रॅम तरी उरायला हवा होता. तो कुठे गेला ते दुसऱ्या दिवशी बादलीची कडी काढल्यावर कळले. कडीच्या दोन्ही छिद्रांतून थेट फटीत हवा खेळत होती. ती छिद्रे सीलंटने बुजवली आणि आता बादली उचलण्यासाठी खालून दोरीची शिंकाळी घातली आहे.