टॉवेलावर मावेल तेवढंच

"काय काय आणू, मावशी?" असं तू शुक्रवारपासून तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी "सांगते" म्हणून फोन ठेवला. आता बसून लिहितेय. आधी घरातला एक जुना टॉवेल घे, हात पुसायचा नव्हे, आंघोळीचा, आणि हॉलमध्ये फरशीवर अंथर. रविवारी ट्रायथलॉनला पूलच्या पार्किंगमध्ये तुझी जागा तेवढीच. आपण नऊ जण, नऊ सायकली, आणि वॉचमनकाका स्कूटर लावायलाही जागा ठेवा म्हणतात. टॉवेलावर मावत नाही ते घरी राहील. तुझ्या आईने ताटली-वाटीसकट भरलेली बॅग तिला प्रेमाने परत कर.

अंतरं तुला पाठ आहेतच: 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं. याला स्प्रिंट म्हणतात, पण नावावर जाऊ नकोस, आपल्यातल्या निम्म्या लोकांना दोन तास लागतात. पोहणं आधी का, असं तू विचारलं होतंस. दमलेला माणूस रस्त्याच्या कडेला बसू शकतो, पाण्यात बसू शकत नाही. 1974 मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला पहिली आधुनिक ट्रायथलॉन झाली तेव्हा धावणं आधी आणि पोहणं शेवटी होतं. पुढे शहाणपण आलं. आणि "विश्वामित्रीत पोहू" हा विनोद तुझ्या मित्रांनी रविवारी करू नये, तो दरवर्षी कोणीतरी करतोच. बडोद्याच्या या नदीत मगरी आहेत, आजव्याच्या तलावातही आहेत, शिवाय ते सयाजीराव महाराजांनी शहराला पाणी मिळावं म्हणून बांधलेलं धरण आहे. आपला 25 मीटरचा पूल बरा.

आता टॉवेल. सामान तू भराभर टाकशील, तसं नको. हात ज्या क्रमाने लागतील त्याच क्रमाने मांड. सर्वात पुढे, सायकलच्या बाजूला, बूट तोंडं उघडी ठेवून. त्यांच्यात मोजे, अर्ध्यापर्यंत उलटे गुंडाळलेले, म्हणजे ओल्या पावलावर नुसते चढवता येतात. बुटांत थोडी टाल्कम पावडर. पॅडलला अडकणारे क्लिपवाले सायकलचे बूट या वर्षी नकोत, धावायच्याच बुटांनी सायकल चालव. दोनदा बूट बदलण्यात जो वेळ जातो तो तुझ्या वेगातून परत येणार नाही. लेस काढून टाक आणि शिवणकामाच्या दुकानातून गोल बारीक इलॅस्टिक आणून ओव. गाठ एकदाच मार, बूट पायात घालून आणि उभं राहून. बसून मारलेली गाठ धावताना सैल पडते. पहिल्या वर्षी मी बसून मारली होती.

हेल्मेटवर जरा थांबते. ते हँडलवर उलटं ठेव, पट्टे दोन्ही बाजूंना लोंबकळत, आत गॉगल. तुला वाटेल, क्लिप लावायला काय लागतं. पण फेब्रुवारीत सकाळी सातच्या पाण्यातून बाहेर आलेली बोटं सुरकुतलेली आणि बधिर असतात. क्लिपची दोन टोकं एकमेकांना सापडत नाहीत, सापडली तर "टक" होत नाही, आणि झालीच तर हनुवटीखालची कातडी धरून होते. म्हणून आज रात्री बादलीत गार पाणी भर, फ्रिजमधला बर्फ टाक, दोन मिनिटं हात बुडव आणि मग दहा वेळा क्लिप लाव-काढ कर. आई विचारेल काय चाललंय, तिला माझं नाव सांग. नियमही आत्ताच ऐक: क्लिप लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि परत आल्यावर सायकल जागेवर टेकवल्याशिवाय क्लिप काढायची नाही. मोठ्या शर्यतींत यावर दंड असतो. आपल्याकडे दंड नाही, मी आहे.

पाण्यासाठी टोपी, पोहायचा चष्मा आणि व्हॅसलिन. वेणी मानेजवळ खाली घाल, वर बांधलीस तर टोपी सुटते. व्हॅसलिन मान आणि काखेत लाव, आधी चष्मा नीट बसवून मग. उलटं केलंस तर काचेला बोटांचं तेल लागून सगळा पूल धुक्यात जातो. 750 मीटर म्हणजे 30 वेळा भिंत. मोजणं सगळ्यांचं चुकतं, कारण डोकं श्वासात असतं. त्यावर तुझ्या पणजोबांच्या घराण्याचा उपाय: जाऊन-येऊन निघालेल्या भिंतीशी परत आलीस की बेच्या पाढ्याची एक ओळ म्हणायची. बे एके बे, बे दुणे चार. बे दाहे वीस झाले की पुन्हा पहिल्यापासून, आणि बे पाचे दहाला बाहेर. दोन वर्षं झाली, माझी एकही फेरी चुकली नाही. पणजोबा दांडिया बाजारात माणिकरावांच्या आखाड्यात जायचे आणि जोर पाढ्यांवर मोजायचे, असं आजी सांगायची. त्यांचं सामान लंगोट आणि तेल, टॉवेलसुद्धा नसणार.

पाण्यातून निघाल्यावर सायकलवर वारा लागतो आणि दात वाजतात. जॅकेट आणू नकोस, ओल्या अंगात बाही अडकते. कालचं वर्तमानपत्र चौघडी करून टीशर्टच्या आत छातीशी सरकव. सेवासी गाव येईपर्यंत अंग तापतं, मग काढून सायकलच्या पिशवीत. रस्त्यावर टाकलंस तर उचलायला मी मागून येतेच आहे.

सायकलच्या बाबतीत तुझा भरवसा दुकानावर आहे, माझा नाही. गेल्या वर्षी मी सर्व्हिस करून आणलेल्या सायकलचं पुढचं चाक क्विक-रिलीजमध्ये, म्हणजे चाक हाताने सोडायच्या खिटीत, सैल होतं, आणि ते मला घराच्या उतारावर कळलं. म्हणून शनिवारी संध्याकाळी स्वतः बघ: दोन्ही चाकं हाताने हलवून, दोन्ही ब्रेक दाबून, चेनला तेल देऊन आणि वरचं जादा तेल फडक्याने पुसून. हँडलची टोकं उघडी असतील तर बूच बसव. पडलीस तर ती पोकळ नळी कातडीत शिरते. हवा घरीच भर. तुझ्या सायकलचा व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा आहे, पंक्चरवाल्याचा पंप त्यावर बसत नाही, अडॅप्टर लागतं. सायकल उभी करताना गिअर हलका ठेव. जड गिअरवर ठेवलीस तर ओल्या पायांनी पहिलं पॅडल फिरणार नाही आणि सगळ्यांसमोर डुलशील.

सीटखालच्या पिशवीत एक ट्यूब, दोन प्लॅस्टिकचे टायर लिव्हर, छोटा पंप आणि कापसाचा बोळा. बोळ्याला हसू नको. सेवासीच्या पुढे सिंधरोटकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना गुजरातीत गांडो बावळ म्हणतात ते झाड आहे, आपण त्याला वेडी बाभूळ म्हणतो. दोन्ही भाषांनी त्या झाडाला वेडंच ठरवलंय. त्याचा काटा टायरमधून आत येतो, ट्यूब फोडतो आणि तिथेच बसून राहतो. दोन वर्षांपूर्वी मी घाईत नुसती ट्यूब बदलली. दीड किलोमीटरवर तीही फुस्स. उरलेला रस्ता सायकल हाताने ढकलत आले, म्हशी पुढे गेल्या. तेव्हापासून ट्यूब काढली की टायरच्या आतून सगळीकडून बोळा फिरवते. जिथे कापसाचा धागा अडतो तिथे काटा. बोटाने शोधशील तर बोटात सापडेल.

याच पिशवीत एक नेलकटर. पतंगांचं उत्तरायण जानेवारीत संपतं, मांजा संपत नाही. तो तारांवर, निंबाच्या फांद्यांवर लोंबतो आणि वाऱ्याने रस्त्यावर येतो. मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाच्या, छोट्या दातेरी चाकांत गुंडाळला की गिअर बदलायचे थांबतात, आणि काचेचा लेप असलेला मांजा हाताने ओढलास तर बोट चिरतं. गळ्याला बफ, म्हणजे कापडी गळपट्टा, घाल, उकडलं तरी. डोळ्यांवरचा गॉगल काढायचा नाही.

खाण्याचं शनिवारपासूनच सांभाळ. रात्री वरण-भात, तूप बेताने. उंधियू नको, कितीही आग्रह झाला तरी. तेल आणि पापडीचे दाणे, दोन्ही सकाळी पोटात बोलतील. शेवउसळ रविवारी सगळं संपल्यावर, तेव्हा तर्री हवी तेवढी. सकाळी पाचला एक केळं आणि दोन पोळ्यांना गूळ लावून, चहा नेहमीचा असेल तर घे. बाटलीत ओआरएस टाकशील तर पाकिटावर बघ, बहुतेक एक लिटरचं असतं; पाऊण लिटरच्या बाटलीत अख्खं ओतलंस तर खारट होऊन मळमळेल. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि चवीला लिंबू. संक्रांतीची चिक्की उरली असेल ती आणू नकोस. धावताना तोंड कोरडं असतं आणि तीळ दाढेत बसतात, पुढचे चार किलोमीटर तू जिभेने दाढ कोरत धावशील. दोन खजूर पुरे. आणि जे कधी वापरलं नाही ते रविवारी पहिल्यांदा नको: नवे मोजे, नवी एनर्जी जेल, पाळीची तारीख जवळ असेल तर नवा कपसुद्धा.

धावायला टॉवेलावर फक्त एक टोपी उरते. सायकलवरून उतरल्यावर पाय तुझे राहत नाहीत, ओंडक्यासारखे होतात. आम्ही मागच्या रविवारी तुला सायकलनंतर लगेच दहा मिनिटं धावायला लावलं ते एवढ्याचसाठी. पावलं छोटी ठेव. गंमत अशी की पाय जड असूनही माणूस वाजवीपेक्षा जोरात पळतो, कारण सायकलच्या वेगाची डोळ्यांना सवय झालेली असते. पहिल्या किलोमीटरला माझ्या पुढे जाऊ नकोस. सोसायटीच्या रस्त्यावर अडीच किलोमीटरला कुत्र्यांची एक टोळी आहे. त्यांच्यासमोरून चालत जायचं, मग परत धावायचं. तो वेळ कोणी मोजत नाही.

फोन आणि किल्ली माझ्या डिकीत. टॉवेल आत्ता एकदा मांडून फोटो पाठव, मी बघते काय जास्त आहे ते. सायकल मागच्या चाकावर उभी केली की तुमच्या लिफ्टमध्ये मावते, मी करून बघितलंय. पावणेसहाला खाली ये, हॉर्न वाजवणार नाही, तळमजल्यावरच्या आजोबांना त्रास होतो.