टीमला जुन्या पायथनवरून हलवायचं कसं

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं जुनं व्हर्जन सोडून नवीन घेऊया म्हटलं की "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" हे उत्तर मिळणारच, त्यामुळे आधी वाद घालत बसू नका, तारीख दाखवा. पायथनच्या प्रत्येक व्हर्जनला साधारण ५ वर्षं सपोर्ट असतो, ३.८ चा ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला, ३.९ चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. त्यानंतर सिक्युरिटीचे फिक्सेससुद्धा येत नाहीत. मॅनेजर लोकांना एवढं पुरतं.

डेव्हलपर मात्र तारखेला भीक घालत नाहीत, त्यांना एरर दाखवायची. एकाच ओळीत डिक्शनरीच्या आत डिक्शनरीच्या आत डिक्शनरी असा कोड घ्या आणि मधलीच एक व्हॅल्यू नन (None, म्हणजे काहीच नाही) ठेवा. जुनं पायथन फक्त ओळ दाखवतं, म्हणजे नक्की कुठे फाटलं ते तुम्हीच प्रिंट टाकून शोधत बसा, ३.११ पासून त्या ओळीखाली नेमक्या त्याच कंसाखाली खुणा येतात. हे डोळ्यांनी बघितलं की निम्मी टीम गप्प होते. शिवाय ३.११ हे ३.१० पेक्षा सरासरी २५ टक्के फास्ट आहे, अर्थात तुमचा सगळा वेळ डेटाबेसची वाट बघण्यात जात असेल तर काही फरक जाणवणार नाही, उगाच आश्वासनं देऊ नका.

आता प्रत्यक्ष काम. उबंटूवर सिस्टिमचं पायथन अजिबात हलवायचं नाही, खुद्द सिस्टिमची काही टूल्स त्यावर चालतात, पायएन्व्ह किंवा यूव्ही (pyenv, uv, पायथनची व्हर्जन्स सांभाळणारी टूल्स) वापरून नवीन व्हर्जन बाजूला टाका आणि वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोजेक्टच्या लायब्ऱ्यांचा स्वतंत्र कप्पा, बनवा. पण त्याच्याही आधी जुन्याच व्हर्जनवर पायटेस्ट (टेस्ट चालवायचं टूल) चालवून डेप्रिकेशन वॉर्निंग, म्हणजे 'हे पुढे काढून टाकणार' असे इशारे, वाचा. एरवी त्या बऱ्याचदा लपवलेल्या असतात, पायटेस्ट मात्र शेवटी सगळी यादी देतं, आणि पुढे काय मोडणार ते बरंचसं तिथेच लिहिलेलं असतं राव! ३.१२ मधून पॅकेज बनवायचं जुनं डिस्टयुटिल्स मॉड्यूल गेलं, ३.१३ मधून सीजीआय आणि टेलनेटलिबसारखी जुनी मॉड्यूल्स गेली, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. तुमचा कोड साफ असला तरी एखादी जुनी लायब्ररी ते इंपोर्ट करत असते, म्हणून आधी लायब्ऱ्या वर न्या, मग पायथन. सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) काही दिवस दोन्ही व्हर्जन शेजारी शेजारी चालू द्या, नवीन व्हर्जनवर टेस्ट फेल होऊन लाल झालं तरी मर्ज अडवू नका, नाहीतर लोक वैतागून ते बंदच करून टाकतील.

तुमची स्वतःची लायब्ररी असेल आणि वापरणारे बाहेरचे असतील तर पायप्रोजेक्ट (pyproject.toml) या प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये किमान पायथन व्हर्जन नीट लिहा. मग जुन्या पायथनवाल्याला पिप, म्हणजे लायब्ऱ्या इन्स्टॉल करणारं टूल, आपोआप त्याला चालणारं तुमचं शेवटचं रिलीज देतं, त्याचं काही मोडत नाही, फक्त नवीन फीचर्स मिळत नाहीत. ती हवी असली की येतील स्वतःहून.