ब्लेंडरमध्ये सगळ्यांची तोंडं मूर्तीकडे वळवताना

बेळगावातल्या एखाद्या गल्लीतून कपिलेश्वर तलावाकडे निघालेली विसर्जन मिरवणूक ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲनिमेट करायची आहे. ट्रॉलीवर मूर्ती, माडीवर कॅमेरा, खाली दुतर्फा माणसं. प्रत्येकाचं तोंड हाताने फिरवत बसलात तर पुढची चतुर्थी उजाडेल. हे काम कन्स्ट्रेंटवर, म्हणजे एका वस्तूची हालचाल दुसरीशी बांधणाऱ्या नियमावर, सोपवा.

आधी लक्ष्य तयार करा. शिफ्ट आणि ए दाबून एम्प्टीमधलं (एम्प्टी म्हणजे रेंडरमध्ये न दिसणारी नुसती खूण) ‘प्लेन ॲक्सिस’ घ्या, मूर्तीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. एम्प्टी निवडा, मग शिफ्ट धरून ट्रॉली निवडा, कंट्रोल-पी दाबून ‘ऑब्जेक्ट’ घ्या. शेवटी निवडलेली वस्तू पालक होते. क्रम उलटा झाला तर ट्रॉलीच एम्प्टीमागे धावेल. थेट मूर्तीलाच लक्ष्य केलंत तर नजर तिच्या ओरिजिनवर (मूळ बिंदूवर), म्हणजे बहुतेक वेळा पाटावर, जाते.

आता कॅमेरा निवडून ‘ऑब्जेक्ट कन्स्ट्रेंट’ टॅबमध्ये ‘ट्रॅक टू’ जोडा. टार्गेटमध्ये एम्प्टी, ट्रॅक ॲक्सिस (लक्ष्याकडे वळणारा अक्ष) −झेड, अप (वरची बाजू ठरवणारा अक्ष) वाय. कॅमेरा आणि फोकस (स्पॉट लाइट) दोन्ही आपल्या उणे झेडच्या दिशेने बघतात, त्यामुळे फोकसलाही हेच चालतं. दोन्ही खान्यांत एकच अक्ष दिलात तर कन्स्ट्रेंट चालतच नाही.

माणसांची गोष्ट वेगळी. त्यांना ‘ट्रॅक टू’ लावलात तर उंच मूर्तीकडे बघताना अख्खं शरीर मागे कलतं. धडासाठी ‘लॉक्ड ट्रॅक’ घ्या, लॉक झेडवर ठेवा. माणूस उभ्या जागी फक्त वळेल. वर बघायचं काम डोक्याचं, म्हणून ‘ट्रॅक टू’ डोक्यालाच लावा. त्यासाठी डोकं वेगळं ऑब्जेक्ट हवं. दोन्हीकडे ट्रॅक ॲक्सिस म्हणून चेहऱ्याची बाजू द्या; ती बहुधा −वाय असते. खात्री करायची तर ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमधल्या ‘व्ह्यूपोर्ट डिस्प्ले’त ‘ॲक्सिस’ला टिक करा आणि नाकासमोर कोणता अक्ष आहे ते बघा. पाठ मूर्तीकडे वळली, तर दोष जवळजवळ नेहमी याच अक्षाचा.

ट्रॉली माडीच्या बरोब्बर खालून गेली की कॅमेरा गर्रकन फिरतो. नजर सरळ खाली वळली की ‘वर’ कुठे हे ब्लेंडरला ठरवता येत नाही. कॅमेरा मीटरभर बाजूला सरकवा. ‘डॅम्प्ड ट्रॅक’ने हा झटका टळतो, पण त्याला अप अक्ष नसल्याने चौकट तिरकी होऊ शकते; दिव्यांना ते खुशाल लावा.

सगळी गर्दी पहिल्या फ्रेमपासून टक लावून बघत असेल तर ती बाहुल्यांची वाटते. कन्स्ट्रेंटचा इन्फ्लुएन्स (जोर) 0 वर ठेवून त्यावर माऊस नेऊन आय दाबा, म्हणजे कीफ्रेम (त्या फ्रेमवरच्या किमतीची नोंद) पडेल, 12 फ्रेमनंतर 1 करून पुन्हा आय. सेकंदाला 24 फ्रेम असतील तर मान अर्ध्या सेकंदात वळेल. प्रत्येकाची सुरुवात चार-पाच फ्रेम मागेपुढे करा.

कन्स्ट्रेंट नुसता काढून टाकलात तर वळलेली माणसं पुन्हा मूळ दिशेला जातात. त्याआधी ‘बेक ॲक्शन’मध्ये ‘व्हिज्युअल कीइंग’ आणि ‘क्लिअर कन्स्ट्रेंट्स’ टिक करा. फिरणं कीफ्रेममध्ये उतरतं.