दोन वेगळे माईक, एक ड्रम किट: ओव्हरहेड कसे लावायचे

जॅमरूममध्ये ड्रम्स रेकॉर्ड करायचे ठरले की बहुतेक जण इथेच अडतात, की ओव्हरहेडसाठी (किटच्या वरून सगळं किट ऐकणाऱ्या माईकांसाठी) मॅच्ड पेअर, म्हणजे एकसारख्या माईकांची जोडी, नाहीये, एक कंडेन्सर (बारीक चमकही उचलणारा, वीज लागणारा माईक) आहे आणि एक शूरचा एसएम५७ (विजेशिवाय चालणारा डायनॅमिक माईक), मग चालेल का? चालतं, आणि मस्त चालतं, फक्त दोघांना जुळे समजून डावीकडे एक उजवीकडे एक असं सारखं टांगू नका, कारण ते सारखं ऐकतच नाहीत. दोघांना वेगवेगळं काम द्या.

समजा तुमच्याकडे ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा कंडेन्सर आणि एसएम५७ आहे, आणि ड्रमर उजव्या हाताचा आहे. कंडेन्सर वर लावा, स्नेअरपासून (ड्रमरच्या समोरचा खणखणीत ड्रम) साधारण १ मीटर उंच, सरळ खाली बघणारा. ५७ फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभा मोठा टॉम) बाहेरच्या बाजूला, टॉमच्या रिमपेक्षा वीतभर वर, आणि त्याचं तोंड टॉमवरून स्नेअर आणि हाय-हॅटकडे (पायाने उघड-बंद होणारी सिम्बलची जोडी). ही मांडणी इंग्लंडचे रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाते, आणि वेगळ्या माईकांसाठी मला तीच सगळ्यात भरवशाची वाटते. सिम्बलची चमक कंडेन्सर वरून उचलतो, ५७ची रेंज कागदावरच १५ किलोहर्ट्झला संपते पण टॉमचा भरीवपणा तो छान पकडतो, म्हणजे जिथे जो कमी पडतो तिथे त्याच्याकडून काही मागायचंच नाही. एक गोष्ट मात्र बघून घ्या, एटी२०२० टोकाने नाही तर बाजूने ऐकतो, लोगोची बाजू स्नेअरकडे पाहिजे, आणि ५७ टोकाने ऐकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अंतर. दोन्ही माईक स्नेअरच्या मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर पाहिजेत. मेजर टेप चालेल, पण साधी सुतळी जास्त सोपी पडते: एक टोक ड्रमरला स्नेअरच्या मधोमध अंगठ्याने दाबून धरायला सांगा, सुतळी वरच्या माईकच्या जाळीपर्यंत ताणा, तिथे गाठ मारा, मग तीच सुतळी ५७कडे फिरवा आणि गाठ त्याच्या जाळीला टेकेपर्यंत स्टँड पुढे-मागे करा. ताणलेली सुतळी पाहिजे, सैल असेल तर मापाला अर्थ नाही. एवढा आटापिटा कशासाठी, तर आवाज १ मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो, दोन माईकांत १० सेंटिमीटरचा फरक पडला तरी मोनोमध्ये (दोन्ही माईक एकत्र मिसळले की) १७०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, म्हणजे तिथले आवाज एकमेकांना मारतात, आणि स्नेअरची धारच जाते, ३० सेंटिमीटर असेल तर तो खड्डा ५७०ला येतो आणि स्नेअर पोकळ वाटायला लागतो. हा खड्डा नंतर ईक्यूने (ट्रेबल-बास कमी-जास्त करून) भरून निघत नाही, म्हणून इथे दहा मिनिटं जास्त गेली तरी जाऊ द्या.

गेन, म्हणजे माईकचा सिग्नल किती वाढवायचा ते, लावताना नॉब बघू नका, मीटर बघा. एटी२०२०चा सिग्नल ५७पेक्षा साधारण १९ डीबी मोठा येतो, त्यामुळे ५७चा गेन बराच वर न्यावा लागणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ड्रमरला फक्त स्नेअर वाजवायला सांगा, गाण्यात वाजवणार तेवढ्याच जोराने, आणि दोन्ही चॅनेलचे पीक सारखे येईपर्यंत जुळवा, मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा म्हणजे क्रॅशला (मोठ्या आवाजाच्या सिम्बलला) जागा राहते. लहान इंटरफेसवर (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) ४८ व्होल्ट फँटमचं, म्हणजे केबलमधून कंडेन्सरला वीज देणारं, बटण बऱ्याचदा दोन्ही चॅनेलला एकच असतं, केबल नीट असेल तर ५७ला त्याने काही होत नाही.

मग दोन्ही चॅनेल मोनो करून ऐका आणि एकाची पोलॅरिटी उलटी करून बघा (सिग्नल वर-खाली उलटा करणारं बटण). सुलटी-उलटीपैकी ज्या बाजूला स्नेअर आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) जाड वाटतात ती बरोबर. अंतर नीट मोजूनही उलटी बाजूच जाड वाटत असेल तर आधी केबल तपासा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कनेक्टर आणून घरी सोल्डर केलेल्या केबलमध्ये २ आणि ३ नंबरची पिन अदलाबदल झालेली असू शकते. किकला वेगळा माईक असेल तर त्याचीही हीच परीक्षा ओव्हरहेडसोबत घ्या.

पॅन करताना, म्हणजे माईक डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटताना, पूर्ण डावं-उजवं टाळा. एकच क्रॅश एका माईकमध्ये चकचकीत आणि दुसऱ्यात मंद आला की कान चकचकीत बाजूला ओढला जातो आणि सिम्बल जागेवरून सरकल्यासारखे वाटतात, म्हणून अर्ध्यावर थांबा. ईक्यूमध्ये ५७चा ट्रेबल वाढवत बसण्यापेक्षा कंडेन्सरचा १० किलोहर्ट्झच्या वरचा भाग २-३ डीबी खाली घ्या, ५७ वाढवला की हिसही वाढतो. ट्रॅक मागे-पुढे सरकवून स्नेअर जुळवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते खरी, पण सुतळीने नीट मोजलं असेल तर तिची गरज नाही, उलट स्नेअर जुळवताना बाकीच्या ड्रम्सची वेळ हलते.

खोली बुटकी असेल तर वरचा माईक स्लॅबला चिकटवू नका, थोडा खाली घ्या (सुतळी परत मोजायची!) आणि जमलं तर त्याच्या डोक्यावर छताला जाड गोधडी बांधा. एवढं करूनही सिम्बल भटकत असतील तर कंडेन्सर सरळ मध्यात ठेवा, आणि ५७ त्याच्याखाली ८-१० डीबी कमी करून फ्लोअर टॉमच्या बाजूला फक्त टॉम्सना वजन देण्यापुरता मिसळा.