सिग्नलला गाडी थरथरते? खर्च करण्याआधी माउंटिंग असं तपासा

पुण्यात स्वारगेटच्या सिग्नलला उभे आहात, एसी चालू, कप होल्डरमधली नाणी खुळखुळतायत आणि आरशात मागची बस एकाच्या दोन दिसतेय. माझ्या तीन सिलिंडरवाल्या गाडीत हे सहा महिने चाललं होतं. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने थ्रॉटल बॉडी साफ केली, मी आपला पैसे देत गेलो, आणि शेवटी निघालं काय, तर इंजिनच्या बाजूचं माउंटिंग, म्हणजे इंजिन गाडीच्या बॉडीला धरून ठेवणारा रबराचा आधार, पार दबून बसलेलं. गॅरेजमध्ये याला फाउंडेशन पण म्हणतात, तेच ते.

आधी हे करतं काय ते बघू, म्हणजे तपासताना डोकं चालतं. घरी मिक्सरखाली फडक्याची घडी ठेवतो ना, ओट्याला हादरे लागू नयेत म्हणून? पण घडी फार जाड झाली की मिक्सरच नाचायला लागतो. माउंटिंगची अडचण हीच आहे. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ८०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ८०० फेरे धरले तर चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला साधारण २७ ठोके देतं, तीनवालं २०. हे बारीक हादरे बॉडीत जाऊ नयेत म्हणून रबर मऊ हवं, इतकं मऊ की त्यावर इंजिनची स्वतःची डोलायची गती या ठोक्यांपेक्षा बरीच कमी राहील. तीन सिलिंडरला ठोके मुळातच कमी, म्हणून तिथे काम जास्त अवघड, आणि माउंटिंग थोडं जरी बिघडलं तरी लगेच कळतं. उलट खड्ड्यात चाक आपटलं किंवा क्लच झटक्यात सोडला की इंजिन उसळी मारतं, तेव्हा तेच रबर घट्ट हवं.

म्हणून बऱ्याच गाड्यांत एखादं माउंटिंग ऑइलवालं असतं (आत खरं तर ग्लायकॉल आणि पाण्याचं मिश्रण असतं). दोन कप्पे, मधे एक अरुंद वाट. बारीक थरथर मधल्या पातळ पडद्यावरच जिरते, मोठा धक्का आला की द्रव त्या अरुंद वाटेतून जबरदस्तीने ढकलला जातो आणि धक्क्याचा जोर तिथेच मरतो. हे फुटलं की खाली काळपट ओलसर डाग दिसतो.

आता तपासणी. पहिलं, आणि हेच लोक करत नाहीत: थरथर कशाबरोबर बदलते ते बघा. उभ्या गाडीत न्यूट्रलला हळूहळू रेस वाढवा, थरथर आरपीएमबरोबर बदलत असेल तर विषय इंजिन किंवा माउंटिंगचा. उभ्या गाडीत काहीच नाही आणि हायवेला ८०-९० ला स्टिअरिंग हलतंय तर टायर, बॅलन्सिंग बघा. फक्त ब्रेक मारल्यावर होत असेल तर डिस्क. चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल किंवा इंजिन मधेच एखादा ठोका खातंय असं वाटत असेल तर आधी प्लग-कॉइल, माउंटिंग नंतर.

दुसरं, लक्षणं दोन प्रकारची असतात आणि दोन्ही एकात मिसळू नका. रबर उष्णतेने कडक झालं किंवा बसलं तर सतत थरथर. रबर फाटलं तर गिअर टाकताना, क्लच सोडताना, स्पीडब्रेकर उतरताना धाड असा आवाज. खाली सबफ्रेमला (इंजिनखालची लोखंडी चौकट) इंजिनला डोलण्यापासून धरणारा जो टॉर्क रॉड असतो, डॉगबोन म्हणतात, तो गेला की हे दुसरं जास्त होतं, आणि तो बऱ्याच गाड्यांत बाकीच्यांपेक्षा स्वस्तात बदलून होतो, म्हणून आधी तोच बघा.

तिसरं, बॉनेट उघडा आणि एकाला सीटवर बसवा. हँडब्रेक ओढलेला, फूटब्रेक गच्च दाबलेला, पहिला गिअर, क्लच फक्त धरायला लागेपर्यंत सोडायचा आणि लगेच परत दाबायचा, मग हेच रिव्हर्सला. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून डी आणि आर, एक-दोन सेकंदच. तुम्ही बाजूला उभं राहायचं, गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीच नको, ही गंमत नाहीये. इंजिन थोडं झुकणारच, पण उचलून आपटत असेल तर माउंटिंग गेलं समजा. एकदा टॉर्चने हे पण बघा की एसीचा पाइप, सायलेन्सर किंवा हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) कुठे बॉडीला टेकलेलं तर नाही, कारण टेकलं असेल तर माउंटिंग कितीही नवं घाला, हादरा त्या वाटेने आत येतोच.

बदलायचं तर पार्ट पुण्यात नाना पेठेत मिळेल, पण जुना सोबत न्या, एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेलची माउंटिंग वेगळी असू शकतात. पॉलियुरेथेनचं (रबरापेक्षा कडक असतं) कोणी गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा, ते ट्रॅकवाल्यांचं, रोजच्या गाडीत केबिन हलवून ठेवतं. व्हॉल्व कव्हरमधून ऑइल गळून रबरावर पडत असेल तर आधी ती गळती बंद करा, नाहीतर नवीन पण फुगून खराब होईल.

बसवताना इंजिन गार हवं, ऑइल सम्पखाली (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तो भाग) जॅक लावायचा तर मधे लाकडाची फळी ठेवा, नाहीतर सम्प चेपतो. जॅक फक्त इंजिनचं वजन घेण्यापुरता वर घ्या आणि एका वेळी एकच माउंटिंग सोडा. नवीन लावताना सगळे बोल्ट आधी हाताने धरवायचे, मग जॅक उतरवून इंजिनचं वजन माउंटिंगवर येऊ द्यायचं आणि मगच मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) आवळायचे. रबर पिळलेल्या अवस्थेत आवळलं तर थरथर तशीच राहते, माझ्या गाडीला पहिल्यांदा नेमकं हेच झालं आणि दुसऱ्या दिवशी बोल्ट सैल करून परत आवळले तेव्हा नाणी गप्प बसली.