कागदपत्रे नसलेल्या मित्रांच्या कॉलेजसाठी आमदारांकडे बाजू कशी मांडावी

न्यू जर्सीतल्या शाळेत बारावीपर्यंत शेजारी बसलेला मित्र कॉलेजच्या अर्जांचा विषय निघाला की गप्प होतो, आणि त्याच्याकडे या देशात राहण्याची कागदपत्रे नाहीत हे बऱ्याच दिवसांनी कळते. मराठी घरांना हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. एच-४ व्हिसावर (अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) लहानपणी आलेली आपली मुले २१ वर्षांची झाली की आईवडिलांच्या व्हिसावर राहू शकत नाहीत, आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग तोवर सरलेली नसते. ज्या विद्यार्थ्यांना या मित्रांसाठी राज्याच्या विधिमंडळात बोलायचे आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आमदारांना भेटण्यापूर्वी कायदा नीट समजून घ्यावा, कारण भावनेने सुरू झालेली भेट बहुधा कायद्याच्याच प्रश्नावर अडते. टेक्सासमधील टायलर येथील शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला १००० डॉलर फी मागितली होती; १९८२ मध्ये प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या मुलांना सार्वजनिक शाळा नाकारता येणार नाही असा निकाल दिला. कॉलेजला मात्र तो निकाल लागू नाही. सरकारी कॉलेजात राज्यातल्या विद्यार्थ्यांना फी कमी असते आणि बाहेरच्यांना जास्त; ती कमी फी या मित्रांना मिळावी की नाही, हा इथला प्रश्न. १९९६ च्या केंद्रीय कायद्यांनी दोन अटी घातल्या. एक म्हणजे, कायदेशीर दर्जा नसलेल्यांना राज्याच्या पैशातून लाभ द्यायचा असेल, तर विधिमंडळाने तसा स्पष्ट कायदा करावा लागतो. दुसरी म्हणजे, केवळ राज्यातल्या रहिवासाच्या आधारावर त्यांना अशी सवलत देता येत नाही, जी दुसऱ्या राज्यातून आलेल्या अमेरिकन नागरिकाला मिळत नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियाने २००१ मध्ये आणि न्यू जर्सीने २०१३ मध्ये सवलतीचा निकष रहिवासाऐवजी शाळेवर ठेवला: राज्यातल्या हायस्कूलमध्ये किमान तीन वर्षे शिकलेला आणि तिथून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी राज्यातल्या विद्यार्थ्यांची फी भरेल. ‘हे केंद्रीय कायद्यात बसते का?’ हा प्रश्न आमदार विचारणारच, आणि त्याचे उत्तर गटातल्या प्रत्येकाला कागद न पाहता देता आले पाहिजे. टेक्सासमध्ये जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने दावा दाखल केला, राज्याने त्याच दिवशी माघार घेतली आणि अशाच सवलतीचा २००१ पासूनचा कायदा न्यायालयाच्या आदेशाने थांबला. फ्लोरिडाने २०१४ ची सवलत २०२५ मध्ये स्वतःच रद्द केली. त्यामुळे नवा कायदा मागण्याइतकेच, असलेला कायदा राखण्यासाठी भेटणेही आता गरजेचे झाले आहे.

भेटीची सुरुवात राजधानी ट्रेन्टनपासून करू नये. न्यू जर्सीत ४० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकात सिनेटचा (वरच्या सभागृहाचा) एक सदस्य व असेंब्लीचे (खालच्या सभागृहाचे) दोन सदस्य असतात; त्यांची स्थानिक ऑफिसे तुमच्या घराजवळ, पुष्कळदा साध्या दुकानांच्या रांगेत असतात. तिथे फोन करून ‘मी याच मतदारसंघात राहतो, अमुक क्रमांकाच्या विधेयकाबद्दल बोलायचे आहे, आम्ही चार विद्यार्थी येऊ’ एवढेच सांगावे. भेट आमदारांऐवजी त्यांच्या सहायकाशी ठरली तर हिरमुसू नये. विधेयकाची टिपणे पुष्कळदा तोच तयार करतो, आणि आमदारांना मतदानाआधी प्रश्न पडला की ते बहुधा त्यालाच विचारतात.

भेट पंधरा मिनिटांची धरावी. पहिल्या मिनिटात मागणी सांगावी: ‘या विधेयकाला तुम्ही पाठिंबा द्यावा आणि ते उच्च शिक्षण समितीसमोर यावे म्हणून समितीच्या अध्यक्षांशी बोलावे.’ त्यानंतर एकानेच अनुभव सांगावा, तोही थोडक्यात आणि नेमका: कोणत्या कॉलेजात प्रवेश मिळाला, राज्यातल्यांची फी किती, त्याला लागणारी किती, आणि फरक भरता न आल्याने काय झाले. हे आकडे त्या कॉलेजच्या चालू वर्षाच्या फीपत्रकातूनच घ्यावेत. एक आकडा चुकला तरी उरलेल्या बोलण्यावरचा विश्वास उडतो. निघताना एक पानी टिपण द्यावे. वर विधेयकाचा क्रमांक, मध्ये तीन-चार वाक्ये, खाली एका जबाबदार माणसाचा ईमेल, आणि मागची बाजू कोरी.

आता ज्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते त्याबद्दल. अनुभव ज्याचा आहे त्याने तो स्वतः सांगितलाच पाहिजे असा आग्रह कोणीही धरू नये. समितीसमोरची साक्ष जाहीर असते, तिचे ध्वनिमुद्रण राहते आणि ते पुसता येत नाही. आपला दर्जा उघड करण्याआधी मित्राने स्थलांतर कायद्याच्या वकिलाशी बोलावे, आणि त्याचे उत्तर ‘नको’ असेल तर तुम्ही नाव-गाव वगळून त्याची हकीकत सांगावी. समितीच्या दारात मिळणाऱ्या चिठ्ठीवर पाठिंब्याची खूण करून, न बोलताही मत नोंदवता येते. या विषयावरच्या मेळाव्यांच्या बाहेर कधीकधी मतदार नोंदणीचे टेबल असते आणि उत्साहात कोणीतरी सर्वांच्या हातात अर्ज देतो. जो नागरिक नाही, मग तो कागदपत्रे नसलेला असो वा एच-४ वर असो, त्याने त्या अर्जावर सही करू नये. नागरिक असल्याचा खोटा दावा, अनवधानाने केला तरी, पुढे त्याचे सगळे मार्ग बंद करू शकतो. तसेच, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्याने निवडणूक निधीला एक डॉलरही देऊ नये, आणि भेटीत देणगीचा विषय तर कोणीच काढू नये.

समोरचे आमदार विरोधात असले तर वाद घालू नये. त्यांची नेमकी हरकत लिहून घ्यावी. न्यू जर्सीच्या २०१३ च्या विधेयकात फीची सवलत आणि राज्याची आर्थिक मदत अशा दोन्ही गोष्टी होत्या. गव्हर्नर क्रिस क्रिस्टी यांची हरकत मदतीच्या कलमाला होती. ते वगळल्यावरच त्यांनी सही केली. अर्धे मिळाले तर घ्यावे, असे माझे मत आहे, कारण त्या कमी फीमुळे काही मुले तरी वर्गात जाऊन बसू शकली. पण मागणी करणारे तिथे थांबले नाहीत, आणि मे २०१८ मध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांच्या सहीने आर्थिक मदतही मिळाली.

भेटीनंतर दोन दिवसांत आभाराचा ईमेल पाठवावा आणि ‘पाहून सांगतो’ म्हटलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच द्यावे. वहीत प्रत्येक आमदाराच्या नावापुढे होकार, नकार किंवा अनिश्चित अशी नोंद ठेवावी. असेंब्लीत ४१ आणि सिनेटमध्ये २१ मते लागतात, त्यामुळे उरलेल्या फेऱ्या अनिश्चित नावांसाठीच राखून ठेवाव्यात. न्यू जर्सीचे विधिमंडळ दोन वर्षांचे असते, आणि सम वर्षाच्या जानेवारीपर्यंत मंजूर न झालेले विधेयक तिथेच संपते. ते नव्या विधिमंडळात पुन्हा मांडले गेले की त्याला नवा क्रमांक मिळतो. तो क्रमांक हाती येताच पहिला फोन त्या जुन्या ओळखीच्या सहायकाला करावा.